हरकत नाही

७ ऑक्टोबर

दैनंदिनी लिहायची नाही असं ठरवून दोन वर्षं झाली. लिहिण्यासारखं काही घडतच नव्हतं. आज फाटकाला नगरपालिकेची नोटीस चिकटवलेली दिसली आणि वही पुन्हा बाहेर आली.

शेजारच्या चष्मेवाल्याला (गल्लीच्या टोकाला त्याचं चष्म्यांचं दुकान आहे) घराच्या बाजूच्या मोकळ्या पट्ट्यात, आमच्या दोघांमधल्या कुंपणभिंतीला अगदी चिकटून, एक खोली आणि न्हाणीघर बांधायचं आहे. नियमाने तो पट्टा मोकळा ठेवायचा असतो, म्हणून त्याने सवलत मागितली आहे. शेजाऱ्यांच्या हरकती असतील तर पंधरा दिवसांत लेखी कळवायच्या. नोटिशीत 'रहिवासी' या शब्दात 'हि' दीर्घ आणि 'हरकती'चं झालंय 'हकरती'. उभा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेला, हात शिवशिवले. आतून लाल पेन्सिल आणली, दोन्ही शब्द दुरुस्त केले आणि मग मजकूर वाचला.

ती खोली नेमकी माझ्या खिडकीसमोर येते. खालच्या लहान खोलीत माझं टेबल आहे आणि टेबलाला लागून ती खिडकी. सकाळचं ऊन तिरकं टेबलावर पडतं. निवृत्त झालो तरी छापखाना अधूनमधून काम घरी पाठवतो, ते मी त्या उन्हात वाचतो. दिव्याच्या उजेडात माझ्या हातून अनुस्वार निसटतात.

८ ऑक्टोबर

चष्मेवाला फाटकाशी भेटला. म्हणाला, "काका, मी आधी तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही हरकत नाही म्हणालात."

म्हणालो होतो, हे खरं आहे. मागच्या महिन्यात तो नकाशाची गुंडाळी घेऊन आला तेव्हा मी एका जाडजूड ग्रंथाच्या सूचीत मानेपर्यंत बुडालो होतो. "थोडा त्रास होईल तुम्हाला," असं काहीतरी तो बोलला. मला वाटलं, वाळू, सिमेंट, ठोकाठोक. म्हटलं, हरकत नाही. दारात आलेल्या माणसाला दुसरं काय म्हणतात?

खोली त्याला आईसाठी हवी आहे. तिचं कमरेचं हाड मोडलं, तेव्हापासून ती मुलीकडे आहे, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. चार माणसांनी खुर्चीतून वर नेली ती अजून खाली उतरलेली नाही. चष्मेवाल्याच्या घरातही झोपायची खोली आणि न्हाणीघर वरच, आमच्यासारखंच. म्हातारीचं वाईट वाटतं, खोटं कशाला लिहू? पण कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, हे कोंबड्याबद्दल ठीक आहे. खिडकी झाकली तर राहतं.

१२ ऑक्टोबर

हरकतीचा मसुदा लिहून काढला. उजेड, हवा, आगीच्या बंबाला वाट, सगळे मुद्दे घेतले. शेवटचं वाक्य मला स्वतःला आवडलं: 'एकदा सवलत दिली की पायंडा पडतो, आणि पायंडा पडल्यावर नियम फक्त छापण्यापुरता उरतो.'

हिला वाचून दाखवला. ही म्हणाली, "करू दे की त्याला. उजेडाचं काय, दिवा लावला की होतो." मग मी दिवा आणि ऊन यांतला फरक सांगितला. हिने ऐकून घेतला. सही मात्र केली नाही, कणीक मळत होती. म्हणाली, "हात ओले आहेत, नंतर करते."

१६ ऑक्टोबर

हिचे हात चार दिवस झाले ओलेच आहेत. शेवटी एकट्याच्या सहीने हरकत देऊन आलो. पोचपावती घेतली.

३ नोव्हेंबर

सध्या ही खालीच, पुढच्या खोलीतल्या दिवाणावर झोपते. वरचा पंखा खडखडतो, झोप लागत नाही म्हणे. आज शिडी लावून पंखा उतरवला, तेल घातलं, पाती पुसली. आता सुई पडली तरी ऐकू येईल इतका शांत फिरतो. तरी ही खालीच झोपली. आता दिवाणाची सवय झाली म्हणते. माणसाने कष्ट करावेत आणि त्याचं कौतुक करणाऱ्याने दिवाणावर झोपावं.

१४ नोव्हेंबर

हिने दुपारचा चहा सोडला. पित्त होतं म्हणे. आमच्या लग्नाला एवढी वर्षं झाली, दुपारचा चहा कधी चुकला नव्हता. मला एकट्याला करून देते आणि समोर बसते. मी म्हटलं, निदान पाणी तरी पी. म्हणाली, तहान नाही.

वरून काही आणायचं असलं की मला सांगते. कंगवा, शाल, औषधाचा डबा. मी वर-खाली करून तंदुरुस्त राहावं असा तिचा हेतू दिसतो.

२१ नोव्हेंबर

सकाळी मुद्रितं वाचता वाचता बाहेर आलो तर ही जिन्याच्या मधल्या पायरीवर बसलेली, हातात फडकं. पायऱ्या पुसतेय म्हणाली. या वयात एकेक पायरी बसून पुसणारी बाई मी दुसरी पाहिलेली नाही. मी तिचं कौतुक केलं आणि आत आलो. बऱ्याच वेळाने पुन्हा पाहिलं तर तिथेच होती. काम करावं तर असं जीव ओतून.

संध्याकाळी भिंतीपलीकडून हिचा आणि चष्मेवाल्याचा आवाज येत होता. ही त्याला विचारत होती, नव्या न्हाणीघरात आईंना धरायला दांडा कुठे लावणार, संडासाची बैठक किती उंच घेणार. मी हिला सांगितलं की प्रतिपक्षाशी सुनावणीपूर्वी असं बोलणं बरोबर नाही. "प्रतिपक्ष कुठला," ही म्हणाली, "आपल्याकडे विळी मागायला येतो तो."

५ डिसेंबर

आज सुनावणी झाली. सविस्तर लिहितो, कारण आजचा दिवस माझा होता.

नगरपालिकेच्या वरच्या मजल्यावरचं लांब दालन. समोर समितीचे पाच जण, मधोमध अध्यक्षबाई, बाजूला नगररचना खात्याचा अभियंता. त्याच्या कमरेच्या पट्ट्याला मोजायचा टेप कायम अडकवलेला असतो, म्हणून सगळे त्याला टेपवालाच म्हणतात. चष्मेवाला इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. आईबद्दल बोलला, थोडं अडखळत. शेवटी म्हणाला की शेजारच्या काकांनी आधी संमती दिली होती.

अध्यक्षबाईंनी मला विचारलं, "हरकत नाही, असे शब्द तुम्ही वापरले होते का?"

मी उभा राहिलो. म्हटलं, "वापरले होते. बसमध्ये कुणी माझ्या पायावर पाय दिला आणि सॉरी म्हणाला, तरी मी हेच शब्द वापरतो. त्याचा अर्थ, पुन्हा द्या, असा होत नाही."

दालन हसलं. अध्यक्षबाईसुद्धा हसल्या. मग मी भाषेचा मुद्दा नीट मांडला. हे दोन शब्द आपण समोरच्याला बरं वाटावं म्हणून बोलतो. कागदावर आले की त्यांना अर्थ असतो, तोंडातल्यांना नसतो. तोंडी 'हरकत नाही' धरून कुणी घर बांधायला लागला तर उद्या 'या कधीतरी' म्हटल्यावर लोक बिछाना घेऊन येतील. पुन्हा हसले. टेपवाल्याने काहीतरी लिहून घेतलं.

चष्मेवाला हसला नाही. बुटांकडे पाहत होता. जिना उतरताना मी त्याला आधी जाऊ दिलं.

घरी येऊन हिला सगळं रंगवून सांगितलं, बसचंही सांगितलं. ही म्हणाली, "छान बोललात," आणि भाजी चिरत राहिली.

२० डिसेंबर

अर्ज नामंजूर. निर्णयाच्या प्रतीत माझं पायंड्याचं वाक्य जसंच्या तसं घेतलं आहे, अवतरणचिन्हांसह. एकही चूक नाही.

आनंद झाला. संध्याकाळपर्यंत टिकला नाही, का ते कळत नाही. चष्मेवाल्याच्या अंगणात दोन गडी वाळू परत टेम्पोत भरत होते. तो दुकानातून आला, त्यांच्याशी काही बोलला आणि माझ्या खिडकीकडे न बघता आत गेला. ऊन मात्र उद्याही नेहमीसारखं येईल.

१८ जानेवारी

चष्म्याच्या दांडीचा स्क्रू ढिला झाला. एरवी चष्मेवाल्याच्या दुकानात गेलो असतो, त्यानेच तो चष्मा बनवला आहे. पण कुठल्या तोंडाने जाणार? लांब बाजारातल्या दुकानात गेलो. त्या पठ्ठ्याने स्क्रू इतका आवळला की दांडी वाकडी झाली. आता चष्मा डाव्या कानाला टेकतो आणि उजव्याला विचारत नाही. वाचताना मान तिरकी धरावी लागते.

११ फेब्रुवारी

लिहवत नाही, पण लिहितो.

सकाळी ही जिन्यावर अडकली. वर न्हाणीघरात गेली होती, उतरताना मधल्या पायरीवर बसली आणि उठताच येईना. मी नेहमीसारखा म्हणालो, "पुसणं पुरे आता." मग पाहिलं तर हातात फडकं नव्हतं आणि ही रडत होती.

मला एकट्याला उचलता येईना. मी फाटकाशी जाऊन नुसता उभा राहिलो. कुणाला हाक मारायची होती तेही सुचेना. चष्मेवाला स्कूटर काढत होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, स्कूटर तशीच टाकून आला आणि मला काही न विचारता जिन्याकडे गेला. त्याला जिना माहीत होता. "काकू, मागच्यासारखं, माझ्या खांद्यावर हात टाका," म्हणाला.

मागच्यासारखं म्हणजे केव्हासारखं, हे मी अजून विचारलेलं नाही.

१२ फेब्रुवारी

डॉक्टर म्हणाले, दोन्ही गुडघे झिजलेत. आजचं नाही, फार दिवसांचं आहे. शस्त्रक्रिया करता येईल, पण तिची साखर आधी आटोक्यात आली पाहिजे, त्याला वेळ लागेल. तोवर आणि नंतरही जिना बंद. शिवाय पाणी फार कमी पितात, त्याने मूत्रपिंडाला त्रास होतोय, असं का करतात? ही जमिनीकडे बघत म्हणाली, "पाणी प्यायलं की वर जावं लागतं."

दुपारच्या चहाचं मला तेव्हा कळलं.

रात्री लेकीचा फोन आला. मी म्हटलं, आईने मला काही सांगितलंच नाही. ती म्हणाली, "बाबा, आई कधीपासून खाली झोपतेय. तुम्हाला काय वाटलं?"

मी म्हणालो, पंखा वाजत होता. दुरुस्तही केला होता मी. माझ्या आवाजाची मलाच लाज वाटली.

हिला विचारलं, का नाही सांगितलंस? म्हणाली, "सांगणार होते. पण तुम्ही ती हरकत वाचून दाखवलीत ना, त्यानंतर काय सांगायचं?"

२४ फेब्रुवारी

माझं टेबल वर नेलं. त्या लहान खोलीत हिचा पलंग लावला. खोलीचं झालं, पण न्हाणीघर खाली नाही. तात्पुरती एक भांड्याची खुर्ची आणली आहे. ती मीच धुतो. हिला त्याचा फार संकोच होतो, तोंड फिरवून बसते.

नकाशा काढणारी मुलगी आली होती. तिने सगळं घर पाहिलं, सांडपाण्याचा नळ कुठून जातो ते पाहिलं आणि कागदावर पेन्सिलीने एक चौकोन काढला. न्हाणीघर होईल तर एकाच ठिकाणी, बाजूच्या मोकळ्या पट्ट्यात, कुंपणभिंतीला लागून. चौकोन नेमका खिडकीवर आला होता. "ही खिडकी बुजवून दार करावं लागेल, चालेल का?" तिने विचारलं. मी चालेल म्हणालो.

३ मार्च

अर्ज घेऊन नगरपालिकेत गेलो. टेपवाल्याने नकाशा उलगडला, पत्ता वाचला आणि माझ्याकडे पाहिलं. चांगला माणूस आहे, टोमणा मारला नाही. उठून कपाटातून डिसेंबरचा निर्णय काढला आणि माझं वाक्य मला वाचून दाखवलं. तेच पायंड्याचं. तो म्हणाला, या निर्णयामुळे तुमच्या गल्लीत बाजूच्या पट्ट्यात बांधकामाला आता सवलत नाही. एकच वाट आहे. लगतच्या शेजाऱ्याने हरकत नाही असं सांगितलं तर आजारपणाचं कारण देऊन समितीपुढे पुन्हा ठेवता येईल. त्याने हरकत घेतली तर विषय संपला.

मी विचारलं, तोंडी सांगितलेलं चालेल? तो म्हणाला, "ते तुम्हीच ठरवून दिलंय ना, काका."

९ मार्च

सहा दिवस गल्लीच्या टोकापर्यंत जायचो आणि परत यायचो. आज चष्मेवाल्याच्या दुकानात शिरलो. गिऱ्हाईक नव्हतं. त्याने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हात पुढे केला. मला वाटलं, हस्तांदोलन. त्याला चष्मा हवा होता. दांडी उलटसुलट पाहिली, बारीक चिमटा घेतला आणि मान खाली घालून कामाला लागला.

त्याची आई कशी आहे विचारलं. "आहे," म्हणाला. "खिडकीशी बसते. खाली कधी नेणार म्हणून विचारायची, आता विचारत नाही."

मी पाठ करून आलेलं सगळं विसरलो. म्हणालो, "त्या दिवशी मी सगळ्यांना हसवलं, ते चुकलंच माझं. आणि आता मलाच..."

"काकूंनी सांगितलंय," तो मान वर न करता म्हणाला. चष्मा दिव्यासमोर धरून पाहिला, माझ्या डोळ्यांवर चढवला, दोन्ही कानांमागे बोट फिरवून तपासलं. "हरकत नाही, काका."

मी बाहेर आलो. चष्मा दोन्ही कानांवर सारखा बसला होता आणि रस्ता लख्ख दिसत होता. त्याच्या त्या दोन शब्दांचा अर्थ मात्र लागत नव्हता. माझी माफी त्याने स्वीकारली, की न्हाणीघराला होकार दिला, की दारात आलेल्या म्हाताऱ्याला दुसरं काय म्हणतात म्हणून म्हणाला? पुन्हा आत जाऊन विचारावं असं वाटलं. पण विचारणार कसं, मीच भर दालनात सांगितलंय की त्याला अर्थ नसतो.

१० मार्च

ही म्हणते, तो नाही म्हणणार नाही. मी म्हटलं, कशावरून? म्हणते, "तुम्ही व्याकरण बघता, मी माणूस बघते." एरवी मी उत्तर दिलं असतं.

झोप नाही. त्याने हरकत घेतली तर ती योग्यच असेल, हे मला कळतं. तरी त्याने घेऊ नये म्हणून जीव तुटतोय.

२७ मार्च

आज टेपवाला जागा बघायला आला. टेपचं टोक मला धरायला दिलं आणि मी भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. त्याने पट्टा मोजला, खिडकी मोजली. चष्मेवाला पलीकडे झाडांना पाणी घालत होता. टेपवाल्याने भिंतीवरून हाक मारली आणि विचारलं, यांना इथे न्हाणीघर बांधायचंय, तुमची काही हरकत?

"हरकत नाही," चष्मेवाला म्हणाला.

टेपवाल्याने पेन उघडलं, पण लिहिलं नाही. "कुठलं हरकत नाही? बोलण्यातलं की कागदावरचं? यांनी सुनावणीत आम्हाला फरक समजावून सांगितलाय, म्हणून विचारतो."

मी टेपचं टोक धरून उभा होतो, कुठे जाताही येईना. चष्मेवाल्याने नळी खाली ठेवली. पाणी नुसतंच वाहत राहिलं. चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला. मग त्याने खिडकीकडे पाहिलं. आत पलंगावर ही बसली होती. तिने पाहिलं न पाहिल्यासारखं केलं आणि चादरीची घडी घालायला लागली.

"दोन्ही," तो म्हणाला.

टेपवाल्याने वही भिंतीवरून पलीकडे दिली आणि त्याने सही केली. मी काहीतरी बोलायला हवं होतं. टेपचं टोक सोडायचं तेवढं लक्षात आलं, ते सटकन परत गेलं आणि टेपवाल्याच्या बोटाला लागलं. मी सॉरी म्हणालो. तो म्हणाला, हरकत नाही, आणि आम्ही तिघंही हसलो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते हसण्याने नव्हतं.

जाताना टेपवाला चष्मेवाल्याला म्हणाला, यांची खिडकी बुजल्यावर यांच्या उजेडाचा प्रश्नच उरत नाही. तुम्ही पुन्हा अर्ज करा, पायंडा आता उलटा पडेल.

२२ एप्रिल

आमचं मंजूर झालं. गवंडी सोमवारपासून येतोय.

आज फाटकाला नवी नोटीस लागली, चष्मेवाल्याच्या अर्जाची. या वेळी 'हरकती' बरोबर छापलंय, 'रहिवासी' अजून चुकीचा आहे. लाल पेन्सिल घेऊनच गेलो होतो. पण आधी मजकूर वाचला.

मग वर जाऊन कागद घेतला आणि एकच ओळ लिहिली: आमची हरकत नाही, तोंडी नाही आणि लेखीही नाही. वाक्य थोडं वेडंवाकडं आहे, तसंच राहू दिलं. खाली सही करून कागद हिच्याकडे नेला. ही स्वयंपाकघरात स्टुलावर बसून भांडी घासत होती. म्हटलं, सावकाश कर, हात ओले आहेत तुझे.

"द्या इकडे," म्हणाली आणि तशाच हातांनी सही केली. पाणी ओघळलं, शाई पसरली. तिच्या नावातलं एकही अक्षर धड लागत नाही. वर कोरे कागद पुष्कळ आहेत, पण उद्या हाच देऊन येणार आहे.